नकलेवरून झालेला फेरफार

२०२० च्या मार्चअखेरीस बुलढाण्यात करोनाचा पहिला रुग्ण नोंदला गेला, तेव्हा या विषाणूची तपासणी करणारी प्रयोगशाळा जिल्ह्यात नव्हती. घशातल्या आणि नाकातल्या स्रावाचे नमुने थंड डब्यांत बंद होऊन आधी नागपूरला आणि पुढे अकोल्याला जायचे. इकडे घरातली माणसं ‘रिपोर्ट आला का?’ एवढा एकच प्रश्न घेऊन दिवस काढायची. त्या काही महिन्यांत ‘आरटी-पीसीआर’ हा शब्द मलकापूरपासून सिंदखेडराजापर्यंत प्रत्येकाच्या तोंडी बसला. पीसीआर म्हणजे काय, हे वर्तमानपत्रांनी चौकटी टाकून समजावलं. त्याच्या आधीची ‘आरटी’ ही दोन अक्षरं मात्र तशीच राहून गेली. हे प्रकरण त्या दोन अक्षरांचं आहे.

पीसीआरच्या यंत्राला फक्त डीएनए वाढवता येतो, आणि करोना विषाणूचा सगळा मजकूर असतो आरएनएत. म्हणून नमुन्यातला आरएनए आधी डीएनएच्या लिपीत उतरवून घ्यावा लागतो. हे काम करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, नळीत घातलं जातं. त्याचं नाव रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. करोना विषाणूकडे स्वतःचं असं विकर नसतं, कारण तो आरएनएवरून आरएनएच तयार करतो. मग ते आणलं कुठून? बहुतेक किटमधल्या या विकराचं मूळ घराणं एकच आहे: जॉन मोलोनी यांनी १९६० साली वर्णन केलेला, उंदरांना रक्ताचा कर्करोग देणारा विषाणू. किटमध्ये अर्थातच ना उंदीर असतो ना तो विषाणू. विकराचा जनुक जिवाणूंत घालून ते तयार करतात आणि जास्त उष्णता सोसावी म्हणून त्यात थोडे बदलही करतात. तरी घराणं तेच. मेहकर-चिखलीकडच्या एखाद्या आजीच्या नाकातला नमुना वाचायला कर्करोगाच्या विषाणूचं अवजार लागावं, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. ती कशी घडली हे सांगायचं, तर पेशीच्या कारभारापासून सुरुवात करायला हवी.

आपल्याकडे जमिनीचा मूळ अभिलेख दप्तरात असतो. शेतकऱ्याला पीककर्ज हवं असेल तर तो बँकेत दप्तर उचलून नेत नाही, सातबाऱ्याची नक्कल काढून नेतो. नक्कल बाहेर फिरते, काम करून देते, चुरगळते, फाटते. दप्तर जागच्या जागी राहतं. पेशीचंही तसंच. डीएनए हे दप्तर, आरएनए ही नक्कल, आणि त्या नकलेवरून जे प्रथिन तयार होतं ते झालेलं काम. दप्तरावरून नक्कल निघते, हा रोजचा व्यवहार. आता अशी कल्पना करा की बाहेरून कुणीतरी एक नक्कल घेऊन आला, सोबत स्वतःचा लेखनिकही घेऊन आला, त्या लेखनिकाने नकलेवरून दप्तराच्या भाषेत पान लिहिलं आणि ते पान मूळ दप्तरात कायमचं शिवून टाकलं. त्या दिवसापासून ते पान गावाच्याच अभिलेखाचा भाग. पुढे प्रत्येक वेळी नकला निघतील, तेव्हा त्या पानाच्याही निघतील. नकलेवरून फेरफार, तोही मूळ दप्तरात! असं काही घडत असेल, यावर १९७० पूर्वी जीवशास्त्रज्ञांपैकी फार थोड्यांचा विश्वास होता.

पेटन राउस यांनी १९११ साली दाखवून दिलं होतं की कोंबडीच्या मांसार्बुदाचा अर्क, पेशी गाळून टाकल्यावरही, दुसऱ्या कोंबडीत अर्बुद, म्हणजे कर्करोगाची गाठ, निर्माण करतो. म्हणजे कारण पेशीहून लहान होतं, विषाणू होता. हे काम इतकी वर्षं बाजूला पडून राहिलं की राउस यांना नोबेल मिळालं १९६६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी. पुढे कळलं की राउस यांच्या विषाणूत आरएनए असतो. इथे पेच उभा राहिला. नक्कल तर लवकर नष्ट होते. मग या विषाणूने एकदा बिघडवलेली पेशी पिढ्यान्‌पिढ्या बिघडलेलीच कशी राहते?

विस्कॉन्सिनमधल्या हॉवर्ड टेमिन यांचं उत्तर सरळ होतं: विषाणू आपला मजकूर डीएनएत उतरवून पेशीच्या दप्तरात घालत असणार. त्यांच्या हातात एक पुरावाही होता. अॅक्टिनोमायसिन-डी हे औषध डीएनएवरून आरएनए निघण्याचं काम थांबवतं. आरएनए-विषाणूंना सहसा त्याचा फरक पडत नाही, कारण ते डीएनएच्या वाटेला जातच नाहीत. राउसच्या विषाणूचं उत्पादन मात्र त्या औषधाने बंद पडलं. १९६४ साली टेमिन यांनी आपला तर्क मांडला. सहा वर्षं तो कुणी फारसा मनावर घेतला नाही. लोक हट्टी होते म्हणून असं घडलं, असं मी म्हणणार नाही. पुरावा आडून येत होता. ‘हे औषध दिलं की ते थांबतं’ यातून संशय बळावतो, आरोपी हाती लागत नाही. खरोखर आरएनएवरून डीएनए लिहिणारं विकर कुणीतरी नळीत काम करताना दाखवायला हवं होतं.

ते दोन ठिकाणी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे झालं. टेमिन आणि त्यांचे जपानी सहकारी सातोशी मिझुतानी राउसच्या विषाणूवर काम करत होते, तर एमआयटीमधले डेव्हिड बाल्टिमोर उंदरांच्या रक्तकर्करोगाच्या राउशर विषाणूवर. दोघांचेही निबंध ‘नेचर’च्या २७ जून १९७० च्या एकाच अंकात लागोपाठ छापले गेले, आणि १९७५ साली दोघांना रेनातो दुलबेक्को यांच्यासोबत नोबेल मिळालं.

हा प्रयोग जरा सावकाश पाहण्यासारखा आहे. विकर कुठल्याही सूक्ष्मदर्शकातून ‘हे बघा’ म्हणून दाखवता येत नाही. त्याने केलेल्या कामावरूनच ते ओळखायचं असतं. आधी विषाणूचे कण शुद्ध करून घेतले. सौम्य साबणासारख्या द्रव्याने त्यांचं वेष्टन उघडलं, कारण लेखनिक आत कोंडलेला असतो. मग डीएनएच्या चारही अक्षरांचे सुटे घटक त्यात मिसळले. त्यांतलं एक अक्षर, थायमिडीनचं, किरणोत्सारी होतं. सोबत मॅग्नेशियम आणि योग्य आम्लता राखणारं द्रावण. काही वेळ कोमट ठेवून नंतर थंड आम्ल ओतलं. सुटी अक्षरं आम्लात विरघळून जातात, जोडून लांब साखळी झालेली अक्षरं साक्यासारखी खाली बसतात. साका गाळून घेऊन त्यातला किरणोत्सार मोजला. तो मिळाला, म्हणजे साखळी तयार झाली होती.

पण साखळी तयार झाली म्हणून विकर ओळखलं गेलं असं होत नाही. इथून पुढे उलटतपासणी सुरू होते. चार अक्षरांपैकी एक काढून टाकलं तर? आकडा कोसळला, म्हणजे कुठलंही एक अक्षर नुसतं शेपटीसारखं जोडलं जात नव्हतं, चारही लागत होती, मजकूर लिहिला जात होता. आधीच आरएनए कुरतडणारं विकर घातलं तर? काम थांबलं, म्हणजे समोर ठेवलेली प्रत आरएनएचीच होती. तयार झालेल्या साखळीवर डीएनए तोडणारं विकर सोडलं तर? साखळी विरघळली, म्हणजे लिहिलं गेलं ते डीएनएच होतं. या तीन उत्तरांनी टेमिन यांचा सहा वर्षांचा तर्क उभा राहिला. त्याच वर्षी फ्रान्सिस क्रिक यांनी स्पष्टीकरण दिलं की आरएनएकडून डीएनएकडे जाणारी वाट आपण कधी निषिद्ध ठरवली नव्हती. प्रथिनाकडून मागे फिरणारी वाट नाही, एवढंच आपलं म्हणणं होतं. क्रिक यांचं म्हणणं खरं होतं. पाठ्यपुस्तकांनी त्यांचा सिद्धांत त्यांच्यापेक्षा कडक करून शिकवला होता.

विकराचं अस्तित्व सिद्ध झालं की त्याचे गुणधर्म ठरवण्याचं काम सुरू होतं. त्याला कोणता क्षार लागतो, किती उष्णता मानवते, आम्ल-अल्कलीचं कोणतं प्रमाण चालतं, कोणती प्रत समोर ठेवली तर ते भराभर लिहितं आणि कोणती ठेवली तर अडतं. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे लोणारवरून चटकन कळेल. लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो. आपल्या शरीरातली बहुतेक विकरं त्या पाण्यात निकामी होतील. तिथल्या जिवाणूंची विकरं मात्र तिथेच उत्तम चालतात. म्हणूनच संशोधक लोणारच्या जिवाणूंमधून अल्कली सोसणारी विकरं शोधत आले आहेत. विकर कुठल्या पाण्यात पोसलं गेलं, हे त्याच्या आवडीनिवडींवरून ओळखता येतं. (स्वॅब अकोल्याला जात होते त्या २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, आणि पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागचे खारप्रेमी सूक्ष्मजीव ओळखले होते. तीही ओळख पटवण्याचीच गोष्ट.)

अर्बुद-विषाणूंच्या या विकराच्या आवडीनिवडी सत्तरच्या दशकात एकेक करून नोंदल्या गेल्या. कोंबडीच्या रक्तकर्करोगाच्या विषाणूतलं विकर दोन तुकड्यांचं निघालं: एक सुमारे ९५ हजार डाल्टन वजनाचा, दुसरा सुमारे ६३ हजारांचा, आणि धाकटा हा थोरल्यालाच कापून झालेला. उंदराच्या मोलोनी विषाणूतलं विकर एकाच साखळीचं. कृत्रिम प्रतीवर लिहिताना त्याला मँगनीज अधिक मानवतं, तर उंदराच्या स्तनाच्या कर्करोगाच्या विषाणूतल्या विकराला मॅग्नेशियम. हे विकर कोऱ्या जागी पहिलं अक्षर टाकू शकत नाही. सुरुवात करायला त्याला आधार लागतो, आणि तो ते यजमान पेशीतल्या वाहक आरएनएचा रेणू उसना घेऊन मिळवतं. १९७१ साली आणखी एक कळलं. याच विकराला दुसरा हात आहे, आणि लिहून झालेली आरएनएची प्रत तो हात मागून कुरतडत जातो. तपासणीच्या अनेक किटमध्ये हा दुसरा हात मुद्दाम निकामी केलेला असतो, नाहीतर नमुनाच खाऊन टाकला जाईल. आणि एक मोठा अवगुण: या लेखनिकाला लिहिलेलं पुन्हा ताडून बघायची सवय नाही. चूक झाली की ती तशीच पुढे जाते.

आता मुंबईला येऊ, कारण या विकराच्या गोष्टीत मुंबईचं एक पान आहे आणि ते आपल्याकडे फारसं वाचलं जात नाही.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कर्करोग-संशोधनाचा पाया घातला. १९५२ साली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. तिथे डॉ. कमल रणदिवे काम करत होत्या. पुण्याच्या समर्थ घराण्यात १९१७ साली जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या, लग्नानंतर मुंबईत आलेल्या कमलाबाईंनी १९४९ साली डॉक्टरेट मिळवली, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे काम केलं, आणि परत येऊन भारतातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. त्यांच्या अभ्यासाचा एक मुख्य धागा उंदरांमधला स्तनाचा कर्करोग हा होता. जॉन बिटनर यांनी १९३६ साली अमेरिकेत दाखवलं होतं की काही वाणांच्या उंदरांत हा कर्करोग आईच्या दुधातून पिल्लांकडे जातो. त्या दुधातला घटक म्हणजे एक विषाणू निघाला. परळच्या संस्थेत ‘आयसीआरसी’ नावाचा उंदरांचा स्वतःचा वाण तयार झाला. त्यातल्या माद्यांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण मोठं होतं, आणि विषाणू, संप्रेरकं आणि वारसा यांचं नातं त्यांच्यावर तपासता येत होतं.

उंदरांत दुधातून विषाणू जातो, मग माणसात? हा प्रश्न स्वाभाविक होता, आणि त्यासाठी सगळ्या जगाचं लक्ष मुंबईच्या पारशी समाजाकडे गेलं. लहान, आपसांतच लग्नं करणारा समाज, आणि त्यातल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण शहरातल्या इतर समाजांपेक्षा जास्त. १९७१ च्या सुरुवातीला ‘नेचर’मध्ये डॅन मूर आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. लेखकांत परळच्या डॉ. सत्यवती सिरसाट, डॉ. पेमास्टर आणि अखिल वैद्य यांची नावं होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मानवी दुधात उंदराच्या विषाणूसारखे दिसणारे कण आढळले होते. कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास नसलेल्या अमेरिकी स्त्रियांत सुमारे ५ टक्के, पारशी स्त्रियांत सुमारे ३९ टक्के.

नुसतं दिसण्यावर विश्वास ठेवायचा नव्हता, म्हणून पुढची पायरी विकराची. न्यूयॉर्कचे सॉल स्पीगेलमन आणि जेफ्री श्लोम यांनी मूर यांच्यासोबत त्याच वर्षी नोंदवलं की मानवी दुधातल्या अशा कणांसोबत आरएनएवरून डीएनए लिहिण्याचं कामही आढळतं. आकार मिळाला, काम मिळालं. कित्येकांना वाटलं, माणसाच्या स्तनाच्या कर्करोगाचा विषाणू आता हातात आला. एका वर्षापूर्वी सापडलेलं विकर थेट माणसाच्या रोगाचा दरवाजा उघडणार होतं.

तो उघडला नाही. दूध हे प्रयोगासाठी फार अवघड द्रव्य आहे. त्यात चरबीचे पापुद्रे असतात, पेशींचे तुकडे असतात, आरएनए कुरतडणारी विकरं भरपूर असतात. पापुद्र्यांचे गोल तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूसारखे दिसू शकतात. शिवाय आपल्या पेशींमधली काही साधी डीएनए-विकरंही कृत्रिम आरएनएची विशिष्ट प्रत पुढे केली की थोडंफार लिहून दाखवतात. म्हणून स्पीगेलमन यांच्या गटाने अशी प्रत वापरात आणली, जिच्यावर पेशीची विकरं अडतात आणि विषाणूचं विकरच चालतं. तपासणी जितकी कडक झाली, तितका दुधातला विषाणू निसटत गेला. तो कुणाला वाढवून दाखवता आला नाही. आईचं दूध प्यालेल्या मुलींमध्ये न प्यालेल्यांपेक्षा हा कर्करोग जास्त होतो, असंही लोकसंख्येच्या अभ्यासांत दिसलं नाही. उंदराच्या विषाणूसारखे जनुकीय तुकडे मानवी अर्बुदात मिळतात की नाही, यावर काही प्रयोगशाळा आजही वाद घालतात. पण दुधातून कर्करोग जातो हा संशय मागे पडला. हे मी मुद्दाम ठळकपणे लिहितो आहे, कारण अर्धवट ऐकलेल्या गोष्टीवरून कुणा बाळंतिणीने बाळाला दूर करू नये.

मुंबईचं ते काम मी चूक म्हणून बाजूला टाकत नाही. परळच्या माणसांनी आपल्या शहरातला खरा प्रश्न उचलला, हाती असलेल्या सर्वांत नव्या साधनाने तो तपासला, आणि उत्तर ‘नाही’ येत गेलं. गाळणी किती बारीक हवी, हे त्या ‘नाही’नेच शिकवलं. त्या वेळी कुणाला ठाऊक नसलेली आणखी एक गोष्टही होती: अशी विकरं आपल्या स्वतःच्या घरातच आहेत. माणसाच्या डीएनएचा सुमारे ८ टक्के भाग हा पूर्वजांना कधीकाळी झालेल्या अशा विषाणूंच्या जुन्या फेरफारांचा आहे. आणि गुणसूत्रांची टोकं झिजू नयेत म्हणून आरएनएवरून डीएनए लिहिणारं टेलोमरेज हे आपलं स्वतःचं विकर तर बहुसंख्य कर्करोगांत पुन्हा जागं झालेलं असतं. अर्बुदात उलटं लिहिणारं विकर शोधणाऱ्यांचा मूळ वास अगदीच खोटा नव्हता.

याच विकराचा माणसातला सर्वांत क्रूर अवतार मात्र अर्बुदाच्या वाटेने आलाच नाही. १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या गटाने भारतातले पहिले एचआयव्ही-बाधित नमुने ओळखले. सुनीतीताई चामड्याच्या व्यापारात असलेल्या चेन्नईच्या मराठी गायतोंडे कुटुंबातल्या. एचआयव्हीकडेही तोच लेखनिक आहे, आणि न ताडता लिहिण्याच्या त्याच्या खोडीमुळे विषाणू सतत रूप बदलत राहतो. पण ओळखीच्या आरोपीवर औषध शोधणं सोपं जातं. झिडोवुडिन हे औषध १९६४ साली कर्करोगासाठी बनवलं गेलं होतं आणि त्या कामात अपयशी ठरलं होतं. १९७४ साली उंदराच्या रक्तकर्करोगाच्या विषाणूवर ते चालतं असं दिसलं, आणि १९८७ मध्ये एचआयव्हीवरचं पहिलं मान्य औषध तेच ठरलं. ते डीएनएच्या अक्षरासारखं दिसतं, लेखनिक फसून ते साखळीत जोडतो, आणि त्यापुढचं अक्षर जोडायला जागाच उरत नाही. मजकूर मध्येच तुटतो.

२००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा पाश्चात्य कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरच्या वर होता. स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन, नेव्हिरापिन: तिन्ही औषधं याच एका विकरावर मारा करणारी. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार सुरू झाले. पहिल्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. आज एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी उपचाराच्या, केंद्रावर मिळणाऱ्या एका गोळीतल्या तीन औषधांपैकी टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही दोन अजूनही त्याच लेखनिकाची लेखणी धरून ठेवतात.

नवा फेरफार त्यामुळे थांबतो. गोळी सुरू होण्याआधी ज्या पेशींच्या दप्तरात पान शिवलं गेलं, त्यांतलं ते पान उसवून काढणारं औषध अजून निघालेलं नाही. म्हणून गोळी रोज, ठरल्या वेळी, आयुष्यभर घ्यावी लागते.